पंपाची फेड

वळण आलं की निकोदिम म्हणायचा, "धर," आणि सावेता बाजूच्या सीटवरून तिरपी होऊन दोन्ही हातांनी स्टेअरिंगला लटकायची. तो डाव्या हाताने ढकलायचा, ती ओढायची. जुनी जीप कुरकुरत, खडी उडवत कशीबशी वळायची. वळण सरलं की सावेता डोक्याचा रुमाल सारखा करायची आणि पुढच्या वळणाची वाट बघत बसायची. मागच्या हौद्यात दुधाचे कॅन एकमेकांवर आपटत असायचे आणि ओल्या पोत्यांखाली चीजच्या ढेपांना घाम सुटलेला असायचा.

निकोदिमचा उजवा खांदा हिवाळ्यात गेला. रानात बीचचं खोड घसरून अंगावर आलं. जीव वाचला, पण हात डोक्याच्या वर जाईना. जोर लावला की खांद्यातली कळ बोटांपर्यंत उतरायची. तरी वसंतात त्याने एका हाताने जीप चालवली, कारण जीपला पॉवर स्टेअरिंग होतं. जूनमध्ये पंप ओरडायला लागला. त्यात स्टेअरिंगचं ऑइल घालायचं सोडून निकोदिमने इंजिनातलं काढलेलं काळं ऑइल ओतलं होतं. चालतंय की, म्हणाला. पंप आठवडाभर किंचाळला आणि एका सकाळी गप्प झाला. तेव्हापासून चाक वळवायचं म्हणजे दोन माणसांचं काम होऊन बसलं. शहरातल्या दुकानदाराने एवढ्या जुन्या गाडीचा पंप आता मिळायचा नाही म्हणून हात वर केले.

गावच्या सगळ्या मेंढ्या उन्हाळाभर वर डोंगरावर असतात. तिथल्या मेंढवाड्यातून दूध आणि चीज खाली आणायचं काम निकोदिमकडे होतं, आणि त्याच कामावर त्यांचं घर चाले. ते काम कुणाला द्यायचं ते ठरवायचा आव्राम. मेंढवाड्याचा मुख्य. मनाने वाईट नव्हता म्हातारा, पण जिभेला हाड म्हणून नव्हतं.

"आलास का रं एका गाडीला दोन डायवर घेऊन?" जीप कुंपणाशी थांबली की तो ओरडायचा. मेंढके दूध काढता काढता मान वर करून हसायचे. "पुढल्या खेपंला सासूला बी आण. गेर बदलायला तिला बसव!"

निकोदिम हसल्यासारखं करायचा आणि डाव्या हाताने कॅन उचलायचा. उजवीकडचा कॅन सावेता उचलायची. आव्राम ते बघायचा. मग जवळ येऊन हळू बोलायचा, आणि ते हळू बोलणं निकोदिमला जास्त झोंबायचं.

"निकोदिम्या, चीज उन्हात थांबत न्हाई. परवा चार ढेपा बुळबुळीत झाल्या खाली जाईपतुर. तो खालच्या आळीचा ट्रॅक्टरवाला रोज निरोप धाडतोय. म्या अजून त्याला व्हय म्हणालो न्हाई."

"गाडी नीट करतो, आव्रामतात्या."

"गाडी कर, न्हाईतर हात कर. काय तरी एक धड कर."

गाव जवळ आलं की निकोदिम सावेताला सांगायचा, "सोड आता. लोकं बघत्यात." सावेता हात मांडीवर घेऊन सरळ बसायची, पाव्हणी असल्यासारखी. पुलाजवळचं शेवटचं वळण तो एकट्यानेच काढायचा, दात खाऊन. रोज निभायचं. एका सोमवारी निभलं नाही. चाक अर्ध्यात अडकलं, जीप सरळ गेली आणि चर्चच्या लाकडी कुंपणाच्या पाच-सहा फळ्या मोडून थांबली. विहिरीवर बायका होत्या. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही, बादल्या तशाच धरून उभ्या राहिल्या. निकोदिम खाली उतरून फळ्या गोळा करू लागला, आणि सावेता नवऱ्याकडे न बघता दुसऱ्या बाजूने गोळा करू लागली.

विहिरीवरच्या बायकांत फ्लोआरे होती.

फ्लोआरे म्हणजे त्राइलाची बायको. बायको कसली, एप्रिलपासून विधवा. त्राइलाकडे निकोदिमसारखीच जीप होती. बर्फ वितळायच्या दिवसांत तो वरून खाली येत असताना वाकड्या बीचच्या वळणावर रस्त्याची कड ढासळली आणि जीप दरीत गेली. गाडीत काही दोष नव्हता, त्याच्या हातात नव्हता. रस्त्यानेच पाय काढून घेतला. गावाने बैल लावून जीप वर ओढली. ती फ्लोआरेच्या अंगणात प्लमच्या झाडांखाली पडून होती. छप्पर चेपलेलं, एक बाजू गेलेली, पण नाक शाबूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोआरे निकोदिमच्या दारात आली. आत बोलावलं तरी आली नाही, उंबऱ्यावर उभं राहून बोलली.

"भावजी, ह्यांच्या गाडीला बी तसलाच पंप हाय न्हवं?"

निकोदिमला तो पंप एप्रिलपासून माहीत होता. बैल लावून जीप वर ओढताना त्याची नजर एकदा बॉनेटखाली गेली होती आणि त्याची त्यालाच लाज वाटली होती. "असल," तो म्हणाला.

"मग काढून न्या की. तीन महिन्यांचं करायचंय मला ह्यांचं. कोट पाद्र्याच्या गड्याला दिला. बूट दिले. पंप तुमी घ्या. पोमाना म्हणून."

सावेता आतून म्हणाली, "देव भलं करो तुमचं, वैनी."  निकोदिमच्या मानेवर लाली चढली होती.

आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने जे द्यावं ते त्याला पलीकडे पोचतं. त्याला पोमाना म्हणतात. देणारा मेणबत्ती लावतो, वस्तू हातातून हातात देतो, आणि घेणारा म्हणतो, "बोगदाप्रोस्ते," देव त्याला क्षमा करो. आभार मानायचे नाहीत. आभार मानले की वस्तू देणाऱ्या-घेणाऱ्यातच राहते, मेलेल्याचे हात रिकामेच. हे पोराटोरांनाही ठाऊक असतं.

निकोदिमला तर जास्तच ठाऊक होतं. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्यांच्या दारी गडी होता. गावात कुणी मेलं की त्याचे बूट, त्याची टोपी, त्याचा सदरा बापाकडे यायचा, आणि बाप टोपी काढून, कमरेत वाकून तो शब्द म्हणायचा. मनापासून म्हणायचा बिचारा. शाळेत पोरं निकोदिमला बोगदाप्रोस्तेचा पोरगा म्हणायची. पहिली जीप घेतली त्या दिवशी निकोदिमने ठरवलं होतं की हा शब्द आपल्या तोंडून पुन्हा निघायचा नाही.

पण पंप तर हवा होता.

दोघं नवराबायको पाने घेऊन फ्लोआरेच्या अंगणात गेले. बॉनेट वाकलं होतं, ते पहारीने उचकटावं लागलं. आत पालापाचोळा, प्लमच्या वाळक्या बिया, उंदराने केलेलं घरटं. सावेताने ते हाताने साफ केलं. पट्टा ढिला करायचा बोल्ट गंजला होता. निकोदिमने त्यावर डिझेल ओतलं, वाट पाहिली, पुन्हा ओतलं, मग डाव्या हाताने पाना धरून त्यावर छातीचा भार टाकला. बोल्ट करकरला आणि सुटला. पाइपाचा नट सोडल्यावर लाल ऑइल आलं, स्वच्छ, जळका वास नसलेलं. त्याने पुली बोटाने फिरवून बघितली. कुठे खरखर नाही, डुगडुग नाही. त्राइला गाडीला जपायचा.

पंप काढून तो उभा राहिला तेव्हा फ्लोआरे समोर होती. तिच्या हातात पावाची छोटी कडी, त्यात खोचलेली जळती मेणबत्ती, आणि एक नवा टॉवेल. पंप तिने द्यायचा, तर तो आधीच निकोदिमच्या काखेत. तिने हात पुढे केले. निकोदिमने ते न बघितल्यासारखं केलं.

"लई उपकार झाले, वैनी," तो म्हणाला, आणि फाटकाकडे चालू लागला.

फ्लोआरे तशीच उभी. मेणबत्तीचं मेण तिच्या बोटावर उतरत होतं. सावेताने पुढे होऊन पाव आणि टॉवेल घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बोगदाप्रोस्ते."

"तू न्हवं गं बाई," फ्लोआरे म्हणाली. "जो घेतो त्यानं म्हणायचं असतं." मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. दमलाय तो. कवातरी म्हणंल."

पंप बसला. आधीच्याच पट्ट्यावर, आधीच्याच कंसात, नट जागच्या जागी. निकोदिमने या खेपेला तालुक्याहून खरं लाल ऑइल आणवलं. पुढची चाकं जॅकवर चढवून सावेता स्टेअरिंग फिरवत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो डब्यातला फेस बघत राहिला. फेस बसला, घुरघुर थांबली, आणि सावेताने एका बोटाने चाक वळवून दाखवलं. ती लहान मुलीसारखी हसली. कित्येक आठवड्यांनी तिचे खांदे मोकळे झाले होते.

त्यानंतर तो एकटाच वर जाऊ लागला. दूध वेळेवर, चीज कोरडं. ट्रॅक्टरवाल्याचे निरोप थांबले नाहीत, पण आव्राम आता त्यांना उत्तर देत नव्हता. सगळं ठीक होतं, आणि ठीक राहिलंही असतं. एक दिवस कॅन चढवताना आव्रामने बॉनेटवर थाप मारली.

"त्राइलाचा पंप काय? ग्वाड चालतोय!" आणि मेंढक्यांकडे वळून, "बापाला मेलेल्यांचे बूट, पोराला मेलेल्याचा पंप! वाढतंय घराणं!"

मेंढके हसले. आव्राम दुसऱ्या क्षणी विसरलाही असेल. निकोदिम विसरला नाही. उतरताना प्रत्येक वळणावर स्टेअरिंग त्याच्या बोटांखाली अलगद फिरत होतं आणि प्रत्येक वेळी ते हलकेपण त्याला बोचत होतं.

घरी येऊन तो म्हणाला, "फ्लोआरेचं गवत अजून उभंच हाय."

"उभंच ऱ्हानार. कोन हाय तिला कापायला?"

"उद्या खेप न्हाई. आपन कापू."

सावेताने मक्याच्या पिठाची मामालीगा ढवळायची थांबवली. "मदत म्हनून?"

"मग काय म्हनून?"

"पंपापायी न्हवं ना? पोमानाचं फेडायचं नसतंय, निकोदिम."

"मदत हाय म्हनलं ना! शेजारधर्म. आता त्याला बी आडवी येनार हाईस का तू?"

फ्लोआरेचं कुरण घरामागच्या उतारावर, रस्त्यावरून सगळं दिसणारं. पहाटे दवात दोघं तिथे उभे होते. कमरेला पाण्याचं शिंग, त्यात धार लावायचा दगड. पहिला पट्टा निकोदिमने काढला. विळा लांब दांड्याचा, दोन्ही हातांनी फिरवायचा, आणि प्रत्येक फेकीला उजवा खांदा सुटून येतो की काय असं व्हायचं. दुसऱ्या पट्ट्यात त्याचा सदरा भिजला. तिसऱ्यात विळ्याचं टोक मातीत घुसलं आणि तो ओणवा झाला तो लवकर उठलाच नाही.

"आन इकडं," सावेता म्हणाली.

तिने विळा घेतला आणि कापत सुटली. तिच्या बापाने तिला शिकवलं होतं, चांगलं कापायची. निकोदिमने दाताळं उचललं आणि तिच्या मागून गवत पसरत निघाला. बाई पुढे कापतेय आणि बाप्या मागून दाताळं मारतोय, असं दृश्य आमच्या डोंगरात कुणी बघितलेलं नाही. रस्त्याने बाजाराला जाणारी गाडी हळू झाली. गाडीवान टोपीला हात लावून गेला. ते टोपीला हात लावणं निकोदिमला शिवीपेक्षा वाईट लागलं. तरी तो दाताळं मारत राहिला, कारण खालचा एकेक पट्टा पडत होता तसं त्याच्या मनावरचं काही उतरत होतं. आता आव्रामला काही म्हणू दे, तो मनाशी म्हणत होता. आपलं तोंड आता मोकळं आहे.

ऊन चढलं तशी फ्लोआरे टोपली घेऊन उतारावर आली. धापा टाकत होती. उतार अर्धा मोकळा बघून तिने तोंडावर हात ठेवला.

"अगं बया! हे कुनी सांगितलं तुमाला? म्या तर म्हनत हुते ह्या साली गाईला काय घालू." ती खरंच रडकुंडीला आली होती. "सावेता, हात बघू तुझं. फोड आलं की गं!"

निकोदिमने दाताळं टेकवलं. त्याला फार बरं वाटत होतं. तेवढ्या बऱ्या वाटण्यात तो बोलून गेला.

"असू दे, वैनी. पंपाची फेड झाली. आता तुमचं आमच्यावर काय न्हाई, आमचं तुमच्यावर काय न्हाई."

सावेताने डोळे मिटले.

फ्लोआरेच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. तिने टोपली खाली ठेवली आणि कापलेल्या गवतावर बसली.

"म्हंजी इकत घेतला तुमी," ती म्हणाली.

"तसं न्हवं, वैनी…"

"मग ह्यास्नी काय मिळालं?" ती निकोदिमकडे बघत नव्हती, गवताच्या काड्या उचलून मांडीवर ठेवत होती. "म्या म्हनलं हुतं, तिकडं बी गाडी घेऊनच हिंडत असतील. दुसरं काय येतंय त्यास्नी? एवढी वळनं, आन् गाडी तर हितं पडल्याली. म्हनलं, पंप पोचला म्हंजी चाक हलकं जाईल." तिने नाक पुसलं. "कोट पोचला आसंल. बूट पोचले असतील. पंप न्हाई पोचला."

ती उठली, टोपली तिथेच ठेवून उतार उतरून गेली.  आपण एका मेलेल्या माणसाच्या हातातून वस्तू काढून घेतली, तीही भल्या माणसाचा आव आणून, हे निकोदिमला त्या उन्हात उभ्या उभ्या कळलं. राहिलेलं गवत सावेताने कापलं. टोपलीला दोघांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिकामे कॅन घेऊन वर निघाला. सावेता बरोबर होती. न विचारताच येऊन बसली होती. वाकड्या बीचच्या वळणावर त्राइलाचा क्रूस आहे, लाकडी, अजून पिवळा. चाक बोटभर जोराने वळलं. निकोदिमने ब्रेक दाबला.

"काय झालं?" सावेता म्हणाली.

"आव्रामतात्या वाट बघत असंल."

"असंल."

"उशीर झाला तर ट्रॅक्टरवाल्याला सांगंल तो. या खेपंला सांगंलच."

"सांगू दे," सावेता म्हणाली.

त्याने गाडी वळवली. अरुंद जागेत चार वेळा मागेपुढे करावं लागलं, आणि चारही वेळा त्राइलाच्या पंपाने चाक लोण्यासारखं फिरवून दिलं.

फ्लोआरे अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. निकोदिमने टोपी काढली. लहानपणी बापाला टोपी काढताना बघून त्याने कितीदा मान फिरवली होती, पण आता हात आपोआप गेला.

"वैनी, चुकलं माझं. काय करू सांगा. पंप काढून परत देऊ?"

"मला काय करायचाय पंप? आन् कापल्यालं गवत उभं ऱ्हातंय का परत?"

"न्हाई."

"मग?"

 कोंबड्या पायात आल्या. फ्लोआरे बराच वेळ त्या दाण्यांकडे बघत विचार करत होती, आणि मग तिने एकदम हातातलं दाण्यांचं ताट कमरेवर टेकवलं.

"गवत कापलंसा ना? मग गड्याची मजुरी घ्या," ती म्हणाली. "गड्यागत जेवा, गड्यागत मजुरी घ्या. गवताचं गवतात फिटलं म्हंजी पंप मोकळा."

निकोदिमच्या कानशिलात रक्त भरलं. विधवेकडून मजुरी. त्याच्या बापाची जागा. सावेता त्याच्याकडे बघत राहिली.

"द्या," तो म्हणाला.

घरात पाव्हण्यांचं टेबल होतं. फ्लोआरेने ते दाखवलंही नाही. गडी जेवतात ते बुटकं टेबल तिने फाटकाजवळ, रस्त्यालगत मांडलं, कारण ते नेहमी तिथेच मांडतात. मामालीगा, आंबट दूध, कांदा, आणि प्लमच्या दारूचा एकेक पेला. नवराबायको तिपाईवर गुडघे पोटाशी घेऊन जेवले. रस्त्याने शेजारीण गेली, थबकली, "काय, निकोदिम, गडी झालास व्हय?" म्हणाली. "झालो," निकोदिम घास चावत म्हणाला. ती हसायची ती राहून गेली. जेवण झाल्यावर फ्लोआरेने मक्याच्या पिठाची गोणी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती डाव्या खांद्यावर घेतली आणि जीपमध्ये टाकली. गोणीच्या ओझ्याने वाकावी त्याहून त्याची मान जास्त वाकली होती.

"आता काढा पंप," फ्लोआरे म्हणाली. "हातातून हातात द्यायचा असतोय."

त्याने जॅक लावला, पाने काढले. ऑइल डब्यात उतरवलं, पट्टा ढिला केला, नट सोडले. हात कोपरापर्यंत लाल झाले. पंप काढून त्याने तो दोन्ही हातांनी फ्लोआरेपुढे धरला.  फ्लोआरेने पंप ॲप्रनमध्ये घेतला, पोटाशी धरला. तिच्या ॲप्रनवर ऑइलचा डाग पसरला, त्याची तिला पर्वा नव्हती. सावेताने मेणबत्ती पेटवून पावात खोचली.

"हे त्राइलाला," फ्लोआरे म्हणाली, आणि पंप त्याच्या हातात दिला. पंप तिच्या अंगाने कोमट झाला होता.

निकोदिमचे ओठ हलले.  फ्लोआरे थांबली. सावेता मेणबत्तीच्या ज्योतीला हाताचा आडोसा करून थांबली. त्याला शाळेतली पोरं आठवली नाहीत, आव्राम आठवला नाही. आठवला बाप, कुणाच्या तरी जुन्या बुटांची जोडी छातीशी धरून वाकलेला, आणि त्या बापाची आपण आयुष्यभर लाज धरली, याचीच त्याला आता लाज वाटली.

"बोगदाप्रोस्ते," तो म्हणाला. घोगरं म्हणाला, पण ऐकू येईल असं.

"देव ऐको," फ्लोआरे म्हणाली.

पंप पुन्हा बसवला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सावेता लाल ऑइलचा डबा घेऊन बॉनेटपाशी उभी राहिली. निकोदिम तिला म्हणाला, "बस आत, चाक फिरव. हवा काढायची हाय."

सावेताने मान हलवली. "वैनी, तुमी बसा. माझ्या हाताला फोड हाईत."

फ्लोआरे आयुष्यात स्टेअरिंगमागे बसलेली नव्हती. चढताना घागरा सावरत, दाराला धरून चढली. निकोदिमने इंजिन चालू करून दिलं आणि येऊन बॉनेटमध्ये वाकला. पंप घुरघुरायला लागला.

"डावीकडं, टोकापतुर. आता उजवीकडं. सावकाश."

रस्त्यावरून ट्रॅक्टर आला. रिकाम्या ट्रॉलीचा खडखडाट करत पुलावरून वळला आणि डोंगराच्या दिशेने वर गेला. सावेताने मान वर केली. निकोदिमने केली नाही. कुणाचा ट्रॅक्टर ते त्याला आवाजावरून कळलं होतं. "ओत," तो म्हणाला, आणि सावेताने ओतलं.

"भावजी," फ्लोआरे आतून म्हणाली, "हे कुठलं वळन?"

"आं?"

"आता डावीकडं फिरवलं ते. वरनं निघालं की पयलं कुठलं लागतंय? म्या कवा गेलेच न्हाई तिथनं गाडीत."

निकोदिमला कळायला क्षण लागला. "झऱ्याचं," तो म्हणाला.

"आन् हे?"

"हे कातळाचं. उजवीकडं. टोकापतुर घ्या, अरुंद हाय तिथं."

तिने टोकापर्यंत घेतलं. पंपाची घुरघुर कमी झाली होती, डब्यातला फेस बसत होता. ती डावीकडे, उजवीकडे फिरवत राहिली, आणि तो बॉनेटमध्ये तोंड घालून वळणांची नावं सांगत राहिला. मेंढपाळाच्या क्रूसाचं. जळक्या फरचं. मग तो थांबला.

"सांगा की," फ्लोआरे म्हणाली.

"वाकडा बीच," निकोदिम म्हणाला. "डावीकडं, वैनी. उजवीकडं कड हाय."

फ्लोआरेने दोन्ही हातांनी स्टेअरिंग डावीकडे घेतलं. जोर लावायच्या तयारीने घेतलं होतं, पण जोर लागलाच नाही. पंप आवाज न करता चालत होता. चाक टोकाला जाऊन टेकलं तरी तिने सोडलं नाही.

"वळली?"

"वळली, वैनी."

 सावेताने डब्याचं झाकण लावलं.

"आता पुढं काय?" फ्लोआरेने विचारलं.

"पुढं पूल," निकोदिम म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता आणि तो तसाच फुटू दिला त्याने. "आन् पुलावरनं उजवीकडं तुमचं घर."

फ्लोआरेने स्टेअरिंग उजवीकडे घेतलं.